नावबदलाचा अर्ज

पद्मजा चौगुले हरवलेली माणसं शोधून काढायची. ही कला आपल्याखेरीज अख्ख्या कुपवाडात कुणाला येत नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं आणि ते मत ती लपवतही नसे.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचा एक जुना कारखाना होता. त्याच्या फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत कामगारांच्या निवृत्तिनिधीचं कार्यालय होतं. लोक त्याला नुसतं फंड म्हणत. पद्मजानं तिथं सदतीस वर्षं काढली होती. साठीला तिला नारळ दिला आणि आठ दिवसांत परत बोलावून घेतलं, कारण जुन्या कपाटांत काय कुठं आहे ते बाकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आता दोन हजार चाळीस साली, पासष्टीत, ती फंडाची 'शोध अधिकारी' होती.

हे पद निघालं सत्तरीच्या कायद्यामुळे. पूर्वी सभासदानं मागितलं तर निवृत्तिवेतन मिळे, नाही मागितलं तर खातं तसंच पडून राही. लोक नोकरी सोडत, गाव बदलत, फंड विसरून जात. देशभर अशी बेवारस खाती इतकी साचली की शेवटी नियम आला. सभासद सत्तर वर्षांचा झाला की त्याचं निवृत्तिवेतन सुरू झालंच पाहिजे, मग त्यानं मागो वा न मागो. तो सापडत नसेल तर फंडानं शोधायचं. एका वर्षात नाहीच सापडला तर शोध अधिकाऱ्यानं 'शोध निष्फळ' अशा दाखल्यावर सही करायची, की खातं कायमचं सरकारजमा.

पुरुष सापडायला सोपे. दारूच्या दुकानात, देवळात नाहीतर लेकाच्या घरी. बायका महाकठीण. लग्न झालं की आडनाव जातं, बापाचं नाव जातं, आणि या भागात त्या पिढीत पहिलं नावही जायचं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, की जुनी मुलगी कागदोपत्री संपली. पद्मजा स्वतः तेवीस वर्षं कवठेपिरानची अक्काताई होती. नवऱ्यानं, म्हणजे सुकुमारनं, तांदळात 'पद्मजा' लिहिलं आणि ती पद्मजा झाली. सुकुमारला साड्यांतलं कळत नसे, बेचाळीस वर्षांत आपण होऊन त्यानं तिला साधा गजराही आणला नव्हता. पण नाव मात्र त्यानं स्वतः निवडलं होतं, आईलाही न विचारता. ही गोष्ट ती आल्यागेल्याला सांगे. सांगताना तिचा चेहरा अजून लाजरा होई.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सभासद क्रमांक चारशे सतराची फाईल तिच्या टेबलावर आली. विजयमाला श्रीपाल मगदूम, स्टोअरमध्ये कारकून, नोकरी एकोणीसशे नव्वद ते सत्त्याण्णव. पाठवलेली तिन्ही पत्रं 'या नावाची व्यक्ती राहत नाही' म्हणून परत आली होती. मुदत बारा फेब्रुवारीला संपत होती. नियम असा, की सगळे पत्ते खोटे ठरल्यावरच नॉमिनीच्या कार्डाचा सीलबंद लखोटा फोडायचा. पद्मजानं तो कातरीनं कापला.

नॉमिनी : सुकुमार आदगोंडा चौगुले. नाते : होणारे पती.

तिनं ते तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मुळात हे कार्ड त्या वेळच्या कारकुनानं घ्यायलाच नको होतं. नॉमिनी घरातला लागतो, आणि 'होणारे' असं नातं कुठल्याच नियमात बसत नाही. पण ठरलेल्या लग्नाच्या आनंदात पोरीनं लिहून दिलं असणार आणि कारकुनानं पेढा खाऊन घेतलं असणार. अक्षर टपोरं होतं. 'पती' या शब्दाखाली एक हौशी रेघ ओढली होती.

त्या रेघेनं पद्मजाच्या अंगाचा तिळपापड झाला. बेचाळीस वर्षं संसार केला, मुलगी वाढवली, सासऱ्यांचं पथ्यपाणी केलं, आणि या माणसाच्या तोंडून विजयमाला हे नाव एकदाही बाहेर पडलं नाही. सांगितलं असतं तर ती दोन दिवस भांडली असती आणि विसरली असती. जे सांगितलंच नाही ते विसरायचं कसं?

संध्याकाळी ती विश्रामबागेतल्या घरी आली तेव्हा सुकुमार चष्मा शोधत होता. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाल्यापासून दिवसातला निम्मा वेळ तो काहीतरी शोधत असे.

"ये की भाईर," सोफ्याच्या गादीखाली हात घालून तो लाडानं म्हणत होता. "ये की माझ्या राजा, किती दमवशील?"

हरवलेल्या वस्तूशी तो असाच बोले, रुसलेल्या पोराची समजूत काढावी तसा. लग्नानंतर पद्मजाला आधी हसू आलं, मग सवय झाली, मग तीही तसंच बोलू लागली. पुण्याला त्यांची लेक त्रिशला किल्ल्या शोधताना हेच म्हणे आणि जावई तिची चेष्टा करी. चौगुल्यांच्या घराची ती खूणच होती.

"स्टोअरमध्ये पूर्वी कोण कोण होतं हो?" पद्मजानं मेथी निवडता निवडता विचारलं. "सत्त्याण्णवच्या आधी?"

त्याचा हात गादीखालीच थांबला. "हौसाबाई होती झाडायला. एक कुरणे होता. का गं?"

"फंडाचं काम."

"आणि कोण काय आठवत न्हाई बघ," तो म्हणाला आणि चष्मा न शोधताच गॅलरीत जाऊन उभा राहिला. टूलरूममधल्या दीडशे हत्यारांचे नंबर या माणसाला अजून तोंडपाठ होते.

दुसऱ्या दिवशी फंडाचे सचिव इरफान मुल्ला यांनी मागोवा सुरू केला. मुल्ला चाळिशीचे, शांत आणि सभ्य होते. पद्मजाला ते मोठ्या बहिणीसारखं मानत. मागोवा म्हणजे टेबलावर मावणारी राखाडी पेटी. पण तिच्यामागचं शास्त्र मोठं नवलाचं होतं.

माणसं एकत्र राहिली की एकमेकांचं बोलणं उचलतात, हे सगळ्यांना माहीत असतं. शास्त्रज्ञांनी ते मोजलं. कुठं थांबायचं, कुठला शब्द लांबवायचा, प्रश्न विचारताना सूर कुठं चढवायचा, अशा हजारभर बारीक सवयींचा मिळून प्रत्येकाचा एक ठसा असतो. सहवासात तो ठसा दुसऱ्यावर उमटतो आणि माणूस दूर गेला तरी पुसला जात नाही. त्याला त्यांनी नाव दिलं सहवासाचा ठसा. नेपच्यून हा ग्रह दिसण्याआधी शेजारच्या युरेनसच्या चालीवरून त्याची जागा ओळखली गेली होती. तसंच हरवलेल्या माणसाच्या जुन्या सोबत्यांना अर्धा तास नुसतं बोलतं करायचं. हवापाणी, दुखणी, काहीही. मागोवा त्या बोलण्यांतला समान धागा वेगळा काढतो आणि जो माणूस समोर नाही त्याचा ठसा तयार करतो.

"मग मागोवा तो ठसा देशभरच्या फोनसेवांकडं ताडून बघतो," मुल्लांनी नव्या शिकाऊ मुलीला समजावलं. "गॅस, बँक, दवाखाना. त्यांच्याकडं आवाज नसतात, फक्त ठशांचे आकडे असतात. जुळला तरी आपल्याला नाव कळत नाही की पत्ता कळत नाही. शोध अधिकाऱ्याच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा एक निरोप तेवढा तिथं पोचतो. पुढं यायचं की नाही, ते त्या माणसानं ठरवायचं."

जिवंत असलेल्या तीन सोबत्यांपैकी दोघं फोनवर बोलली. तिसरी, ब्याऐंशी वर्षांची हौसाबाई कोळी, बामणोलीला राहत होती. पद्मजा छोटी ध्वनिपेटी घेऊन तिच्याकडं गेली. हौसाबाईनं आधी सुनेच्या तक्रारी केल्या, मग गुडघ्यांच्या, आणि मग आपण होऊनच विषयावर आली.

"विजू व्हय? लई गुणाची पोर. स्टोअरात कायबी हरवलं की ती त्येला हाका मारायची. 'ये की भाईर माझ्या राजा, किती दमवशील?' आनि सापडायचंबी बघ! आमी आदी हसायचो. मग आमीबी तसंच बोलाया लागलो."

पद्मजाच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

"आनि तुला ठावं न्हाई व्हय गं?" हौसाबाई पुढं वाकली. "तुज्या मालकाशी सोयरीक झालती की तिची. सुपारी फुटलेली. पत्रिका छापायच्या तेवड्या राहिल्यात्या."

"मोडली कशानं?"

"ते मालकालाच इचार बाई. माज्या तोंडानं कशाला?"

परतीच्या रिक्षात पद्मजा धुमसत होती. नवऱ्याची जुनी मैत्रीण म्हणजे एखादा फोटो नाहीतर एखादं पत्र, अशी तिची समजूत होती. सापडलं की चुलीत घालता येतं. हिला कुठं घालायचं? ही जिभेवर बसली होती. बेचाळीस वर्षं आपल्याच घरात, आपल्याच तोंडानं ही बोलत होती. त्रिशलानं बोबड्या बोलांत खेळण्यातल्या बदकाला पहिल्यांदा "ये की भाईल" म्हटलं तेव्हा आपण कौतुकानं शेजारपाजाऱ्यांना बोलावून ऐकवलं होतं. ते बोल आजोळचे नव्हते की चौगुल्यांचेही नव्हते. सवतीचे होते. होऊ न शकलेली का होईना, सवतच ती!

मागोव्यानं तिघांच्या बोलण्यावरून आकडा दिला : ठसा एकोणचाळीस टक्के. निदान साठ लागतो. 'अधिक निकट सहवास असलेली व्यक्ती हवी', असं पेटीच्या पडद्यावर उमटलं.

मुल्लांनी घसा साफ केला. "मॅडम, कार्ड मी बघितलं. चौगुले सर अर्धा तास बोलले तर काम होईल. तुम्हाला नको असेल तर ही फाईल मी सांगलीच्या कार्यालयाकडं देतो."

"फाईल माझी आहे," पद्मजा म्हणाली. "ती माझ्याकडंच राहील."

दाखल्याचा कोरा कागद तिच्या खणात होता. 'शोध निष्फळ.' खाली एक सही केली की चारशे सतरा नंबर संपला असता. तिला कुणी जाब विचारला नसता. तिनं तो कागद त्या दिवशी दोनदा बाहेर काढला आणि दोनदा आत ठेवला.

घरी मात्र तिनं आडवळण घेतलं नाही. सुकुमार दुपारचा चहा पीत होता. तिनं पुढ्यात बसून सरळ विचारलं, "विजयमाला मगदूमशी तुमचं लग्न का मोडलं?"

त्यानं कप खाली ठेवला.

"तिच्या बोटांवर डाग आला," तो म्हणाला. "पांढरा. कोड. आईनं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सुपारी परत पाठवली."

"आणि तुम्ही?"

"मी काय... घरात बसलो होतो."

"काही बोलला न्हाई?"

"आईपुढं कोण बोलणार गं?" त्याचा आवाज बारीक झाला. "ती त्याच महिन्यात नोकरी सोडून गेली. कुठं गेली ते मी विचारलं न्हाई. तोंड कुठं होतं विचारायला? तुला काय सांगायचं, हे सांगायचं? ती जिवंत हाय का?"

हा शेवटचा प्रश्न त्यानं विचारायला नको होता. त्या चार शब्दांत इतकी आच होती की तेवढी पद्मजाच्या मोठ्या ऑपरेशनच्या वेळीही तिला त्याच्या आवाजात ऐकू आली नव्हती. नवरा भेकड निघाला याचं दुःख तिला व्हायला हवं होतं. तिला झाली ती जळजळ. हा माणूस त्या पेटीसमोर अर्धा तास बसणार, त्या बाईच्या आठवणीत बोलणार, डोळे पुसणार, आणि ते आपण कानांनी ऐकायचं? छे. मेले तरी नाही.

"माहीत न्हाई," ती म्हणाली आणि उठली.

सकाळी तिनं मुल्लांच्या पुढ्यात खुर्ची ओढली. "माझा आवाज घ्या."

"तुमचा? मॅडम, तुम्ही त्यांना कधी भेटलाही नाही."

"घ्या म्हणते ना."

मुल्लांनी पेटी सुरू केली. पद्मजा बोलली. सांगलीचा पूर, हळदीचे सौदे, त्रिशलाचं बाळंतपण, गॅसवाल्याचा उद्धटपणा. अर्ध्या तासानं पेटीनं आकडा दिला आणि मुल्ला खुर्चीतच सरळ झाले. ठसा एकाहत्तर टक्के.

"असं होत नाही," ते पुटपुटले. "दुसऱ्याकडून आलेला ठसा पुसट असतो. हौसाबाई त्यांच्याबरोबर सात वर्षं होत्या, त्यांच्यापेक्षा तुमच्यात..."

"बेचाळीस वर्षं झाली मुल्लासाहेब," पद्मजा म्हणाली. "रोज थोडं थोडं मुरलंय."

तिला रडू फुटेल असं वाटत होतं, पण रागच इतका होता की रडायला जागा नव्हती. आपण कोण आहोत मग? आपलं म्हणून जे काही बोलणं, हसणं, थांबणं होतं, त्यातलं कवठेपिरानचं किती आणि स्टोअरमधलं किती?

दोन तासांत उत्तर आलं. ठसा जुळला होता. विजयमाला मगदूम जिवंत होती.

आता निरोप. कायद्यानं मजकूर ठरवून दिलेला होता. 'आपल्या नावे निवृत्तिनिधीची रक्कम असून, संमती असल्यास खालील क्रमांकावर संपर्क साधावा.' असा निरोप ऐकून शहाणी माणसं फोन बंद करत. पैसे मिळणार आहेत असं अनोळखी बाई सांगते म्हणजे फसवणूकच, हे आता शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणूनच दहातले आठ निरोप वाया जात. पद्मजाला ते पक्कं माहीत होतं. मजकूर जसाच्या तसा वाचला की कायदा पाळला जाणार होता, बाई येणार नव्हती आणि बारा तारखेला सही करायला मन मोकळं होतं.

तिनं मजकूर वाचला. अकरा सेकंद झाले. बटणावर बोट ठेवून ती थांबली. ज्या पोरीला एका डागासाठी परत पाठवलं, जिला कुणी 'कुठं गेलीस' म्हणून विचारलंही नाही, तिला आज आपणही त्याच घरातल्या माणसासारखं गप्प बसून घालवणार होतो. सुकुमारवरचा राग तिला त्या क्षणी जेवढा उपयोगी पडला, तेवढा जन्मात कधी पडला नव्हता.

"विजू," ती यंत्रात म्हणाली, "ये की गं भाईर. किती दमवशील?"

दहा फेब्रुवारीला दुपारी एक बाई फंडाच्या दारात उभी राहिली. सुती साडी, हातात कापडी पिशवी. चेहरा, मान, हात सगळं पांढरं झालं होतं. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती.

"निरोप कुणी पाठवला?" तिनं विचारलं. "अथणीहून आले मी. कांचन अकिवाटे माझं नाव. आधीचं विजयमाला मगदूम."

पद्मजानं तिला खुर्ची दिली आणि डोळे भरून पाहून घेतलं. मनात ती सुंदर असेल अशी भीती होती. आणि झालं भलतंच. बाई सुंदर होती. सत्तरीतही हसली की सगळी खोली आपली करून टाकणारी.

"मालक बारा वर्षांमागं गेले," कांचनबाई सांगत होत्या. "चांगला माणूस. बघायला आले तेव्हा माझे हात बघितलेच न्हाईत. शिवणक्लास होता माझा, आता बोटं ऐकत न्हाईत. लेक देतो, पण मागायचं कुणाला बरं वाटतं?" मग त्यांनी पद्मजाच्या छातीवरची पट्टी वाचली. पद्मजा सुकुमार चौगुले.

"म्हणजे ते बोलणं तू..." त्या हळूच म्हणाल्या. "पद्मजा. चांगलं नाव हाय."

पद्मजानं हीच संधी साधली. इतके दिवस साठलेलं विष तिनं गोड बोलण्यात घोळून दिलं. "यांनीच निवडलेलं. कुणालाही न विचारता. लग्नात तांदळात स्वतः लिहिलं. तसे बोलत नाहीत, पण माझ्या नावाचं त्यांना फार."

कांचनबाईंनी तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच पद्मजाला झोंबलं. "हां," त्या म्हणाल्या. "अक्षर चांगलं होतं त्याचं."

मग कागद सुरू झाले. सगळे कांचन अकिवाटेचे. विजयमाला मगदूम आणि कांचन अकिवाटे एकच, हे सांगणारा एकही नाही. शाळेचा दाखला पुरात गेलेला, लग्नाची नोंद कधी केलीच नव्हती. जुनी सही असलेला निदान एक तरी कागद हवा होता. कांचनबाईंनी पिशवीतून पिवळ्या कागदांचं पुडकं काढलं, चाळलं, आणि त्यातला एक कागद अलगद काढून मांडीखाली सरकवला.

पद्मजाच्या नजरेतून ते सुटलं नाही. प्रेमपत्र! "तो दाखवा."

"त्यात काय न्हाई गं."

"मी शोध अधिकारी आहे. सगळे कागद बघावे लागतात."

"नको बघू, ऐक माझं. चुकून आलाय."

"दाखवा म्हणते ना!"

कांचनबाईंनी सुस्कारा टाकला आणि कागद टेबलावर ठेवला.

ते पत्र नव्हतं. कारखान्याचा छापील फॉर्म होता. लग्न झालेल्या बायकांनी फंडाच्या कार्यालयात द्यायचा नावबदलाचा अर्ज. लग्नाआधीच हौसेनं भरून ठेवलेला. तारीख तीन मार्च एकोणीसशे सत्त्याण्णव. खाली विजयमालाची टपोरी सही आणि स्टोअरचा गोल शिक्का. सध्याचे नाव : कु. विजयमाला श्रीपाल मगदूम. आणि त्याखालची ओळ दुसऱ्याच हातानं लिहिलेली, 'ज'ला शेपटी काढणाऱ्या, पद्मजाच्या रोजच्या ओळखीच्या हातानं.

विवाहोत्तर नाव : सौ. पद्मजा सुकुमार चौगुले.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी ट्रक मागं घेत होतं.

"कॅंटीनमध्ये बसून ठरवलेलं आम्ही," कांचनबाई अगदी हळू म्हणाल्या. "मला वाटलं न्हवतं तो तेच नाव... फाड तो कागद. मला काय नको ते पैसे. तू फाड."

पद्मजा कागदाकडं बघत होती. सही कार्डावरच्या सहीशी तंतोतंत जुळत होती. शिक्का खरा होता. अख्ख्या जगात विजयमाला मगदूम नावाची मुलगी होती हे सिद्ध करणारा हा एकच कागद होता. आणि पद्मजा चौगुले कुणासाठी होती, हेही तोच सांगत होता. 'कागदपत्र अपुरे' एवढं लिहिलं की दोन्ही गोष्टी एकदम मिटणार होत्या.

तिनं पंच ओढला. अर्जाला दोन भोकं पाडली आणि तो फाईलला लावला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'सही जुळते. सभासद सापडल्या.' खाली सही करताना पेन अडखळलं. पण दुसरी कुठली सही तिला आता येत नव्हती.

"पुढच्या महिन्यापासून सुरू होईल," ती म्हणाली.

कांचनबाई उठल्या. दारात त्या थांबल्या. "त्याला सांगू नको मी आलते. इतकी वर्षं बेपत्ता हाय, त्याच्यापुरती तशीच राहू दे." मग त्यांनी विचारलं, "तुझं माहेरचं नाव काय गं?"

"अक्काताई."

"ते तुझं हाय," कांचनबाई म्हणाल्या आणि बसस्टँडकडं निघाल्या.

संध्याकाळी पद्मजा घरी आली, चपला काढल्या आणि कुणाशी न बोलता मागच्या खोलीत जाऊन खाटेवर बसली. दार नुसतं लोटलं.

थोड्या वेळानं सुकुमारचं वावरणं ऐकू आलं. "पद्मजा!" त्यानं हाक मारली.

सवयीनं तिचं तोंड उघडलं. पण ओ बाहेर पडेना.

"पद्मजा, आलीस न्हवं? चपला दिसतात." तो स्वयंपाकघरात गेला, गॅलरीत गेला, न्हाणीघराच्या दारावर टकटक करून आला. पावलं जवळ आली आणि लोटलेल्या दाराबाहेर थांबली. तो हसला असावा, कारण पुढचे शब्द हसतच आले.

"ये की गं भाईर," तो लाडानं म्हणाला. "किती दमवशील?"

आत अक्काताई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तो जिला बोलावत होता, ती दुपारीच अथणीच्या गाडीत बसून निघून गेली होती.